येळवशीला वरून आलेले पाहुणे

हॅलो, हॅलो. सर्व बंधू-भगिनींना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, येळवशीच्या पवित्र दिवशी सकाळी साडेआठच्या सुमारास, लातूरजवळच्या एका शिवारात, दाट धुक्यामध्ये, शेंगांनी लगडलेल्या तुरीच्या अकरा ओळींचं अपघाती निधन झालं. मृत्यूसमयी त्या ऐन हिरव्या होत्या. त्यांच्या पश्चात एक मोडकं विमान, एक वैमानिक, एक डाळमिलवाले सेठ आणि नांदेडचा एक लाऊडस्पीकरवाला असा परिवार आहे. लाऊडस्पीकरवाला म्हणजे मी. मागच्या लोकांनी कृपया पुढे सरकून बसावं.

नांदेडात गेली तीस वर्षं माझा मंडपाचा आणि लाऊडस्पीकरचा धंदा आहे. माईक दुसऱ्याच्या हातात द्यायला जिवावर येतं, म्हणून कार्यक्रमांचं निवेदनही मीच करतो. लग्न असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो, मी उभा राहिलो की लोक मोबाईल खिशात ठेवतात. निदान मला तसं वाटतं. बायकोचं म्हणणं असं की, मी आंघोळीचं पाणी मागतानाही आधी घसा साफ करतो.

सेठ माझा मित्र. लातूरच्या वसतिगृहात आम्ही चार वर्षं एका खोलीत काढली. तेव्हा तो साधा शेतकऱ्याचा मुलगा होता, डाळमिल फार नंतर आली. पण तेव्हाही तो तळहातावर चार दाणे घेऊन, फुंकर मारून, आजचा भाव काय असेल ते सांगायचा. म्हणून मी त्याला सेठ म्हणायला लागलो आणि पुढे त्याने ते मनावर घेतलं. तो मला भोंगा म्हणतो. एवढी ओळख पुरे.

आता येळवस. ज्यांना येळवस माहीत नाही त्यांची मला खरोखर दया येते. मार्गशीर्षातल्या अमावास्येला सगळा लातूर जिल्हा घराला कुलूप लावून रानात जातो. सगळा म्हणजे सगळा. ज्याच्याकडे रान नाही तो मित्राच्या रानात जातो. दुकानं बंद, दवाखाने बंद, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, कारण तेही रानात गेलेलं असतं. रानात कडब्याची कोपी, म्हणजे खोपटी, उभारतात, तिच्यात पाच दगड चुन्याने रंगवून पांडव म्हणून मांडतात, त्यांच्यावर शाल पांघरतात. मग नैवेद्य. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत हो; वाटाणे, हरभरे, तुरीचे ओले दाणे, पाच-पंचवीस भाज्या आणि बेसन असं सगळं एकत्र शिजवलेलं ते एक घट्ट स्वर्गसुख असतं. सोबत बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि ज्वारीचं पीठ ताकात शिजवून रात्रभर मडक्यात मुरवलेली थंडगार, आंबट आंबील. आमच्या लोह्या-कंधाराकडेही येळवस होते, पण लातूरकरांची तऱ्हा वेगळी. त्या दिवशी त्यांच्या बांधावरून कुणी ओळखीचा-अनोळखी माणूस चालला आणि न जेवता गेला, तर त्यांना वर्षभर झोप लागत नाही.

सेठच्या घरी मात्र याच्या बरोबरीने आणखी एक नियम. आपल्या रानातल्या पांडवांना नैवेद्य दाखवल्याशिवाय घरातल्या कुणी अन्नाचा कण तोंडात घ्यायचा नाही. हा नियम चालवते अव्वा. त्यांच्याकडे आईला अव्वा म्हणतात. अव्वाने ऐंशी कधीच ओलांडली, चणीने एवढीशी, पण तिने नुसतं "हं" म्हटलं तरी डाळमिलचा भोंगा बंद पडतो.

सेठ तीन वर्षं येळवशीला गेला नव्हता. एकदा दिल्ली, एकदा दुबई, एकदा कसलीशी सही. पहिल्या वर्षी त्याने ऐन पूजेच्या वेळी फोनवर सांगितलं की जमत नाही.  अव्वाने नैवेद्य झाकून ठेवला आणि ती दुसऱ्या दिवशी जेवली. पुढची दोन वर्षंही तेच. शिवाय तेव्हापासून येळवशीच्या सकाळी रानात पाय ठेवला की ती सगळ्यांचे मोबाईल जमा करते आणि टोपल्याखाली झाकते, कोंबड्या झाकतात तसे. पूजा झाल्यावर परत.

यंदा तिने धाकट्या मुलाकरवी सेठला निरोप धाडला होता. "माझ्यानं आता खाली बसवत न्हाई. यंदापासून पूजेला तू बसायचं. तू येईस्तोवर मी जेवणार न्हाई, मग अमावस्या सरली तरी चालंल."

सेठ म्हणाला, "काही झालं तरी येतो."

माणसाने 'काही झालं तरी' असं म्हणताना जरा जपून म्हणावं.

येळवशीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं पुण्यात होतो. डाळीच्या व्यापाऱ्यांचं संमेलन होतं, सेठ व्यासपीठावर आणि मी माईकवर. कार्यक्रम लांबत गेला, याला थोडाफार मी कारणीभूत असेन. रात्रीची गाडी चुकली. सेठचा चेहरा पांढरा पडला. तेव्हा पुण्यातला एक बडा व्यापारी म्हणाला, "माझं छोटं विमान सकाळी लातूरला रिकामंच चाललंय, कुणाला तरी आणायला. बसा त्यात, तासाभरात पोचाल." सेठने त्याला मिठी मारली. मीही मारली, माझा संबंध नसताना.

विमान चार जणांचं. आमच्या नांदेडातला माझा टेम्पो याहून ऐसपैस आहे. वैमानिक एक तिशीतली मुलगी होती, रत्नागिरीकडची, बोलायला शांत आणि नजरेने कडक. मी तिला कॅप्टनबाई म्हणायला लागलो. सेठ पुढे तिच्या शेजारी, मी मागे. सेठच्या मांडीवर पांडवांना पांघरायची नवी कोरी शाल, माझ्या मांडीवर कॉर्डलेस माईकची पिशवी. दोघांच्याही पोटात काही नव्हतं. सेठच्या नियमामुळे, आणि माझ्या बाबतीत विमानाच्या भीतीमुळे.

पुण्याहून निघालो तेव्हा ऊन होतं. लातूर जवळ आलं आणि खाली पाहतो तर जमीनच नाही. दोन दिवसांपूर्वी अवकाळी पाऊस पडून गेला होता, त्यावर थंडी पडली, आणि सगळ्या शिवारावर कुणी कापूस पिंजून टाकावा तसं धुकं.

"आता कसं?" सेठने विचारलं.

"धुक्यातून उतरायची रीत असते," कॅप्टनबाई म्हणाली. "बाहेर बघायचं नाही. हे काटे आणि हा पडदा सांगेल तसं ठरलेल्या वाटेने पायरी-पायरीने खाली जायचं. एका ठरलेल्या उंचीवर आलं की बाहेर बघायचं. धावपट्टी दिसली तर उतरायचं. नाही दिसली तर लगेच वर."

"आणि जराशी दिसली तर?"

"जराशी म्हणजे नाही."

आम्ही त्या कापसात शिरलो. बाहेर पांढरं, आत काटे. कॅप्टनबाई काट्यांकडे बघत होती, सेठ बाहेर बघत होता आणि मी सेठच्या मानेवरच्या घामाकडे बघत होतो. ती उंची मोठ्याने म्हणत होती. शेवटची उंची म्हटली, बाहेर पाहिलं, आणि दुसऱ्या क्षणाला विमान नाक वर करून चढायला लागलं.

"नाही दिसली," ती म्हणाली. "अजून एकदा बघू. नाहीतर सोलापूर."

"सोलापूर?" सेठ असा काही म्हणाला, जणू तिने चंद्र म्हटलं असावं. "कॅप्टनबाई, खालीच हाय हो माझं रान. इथं खालीच. अव्वा बसलीय."

"काका, खाली रान आहे हे मला माहीत आहे. म्हणूनच वर गेले."

दुसऱ्या वेळीही तेच. पायरी-पायरीने खाली, ठरलेली उंची, बाहेर पांढरं. तिने पुन्हा विमान वर घेतलं. आणि इंजिन खोकलं.

खोकलं म्हणजे खोकलंच. आमच्या गल्लीतले म्हातारे पहाटे खोकतात तसं, आधी एकदा, मग सलग. पुढे कळलं की, ओल्या गार हवेत इंजिनाच्या नरड्यात बर्फ धरतो आणि त्याचा श्वास कोंडतो. चौकशीचे कागद जाडजूड आहेत, मला समजलं ते एवढंच. तेव्हा मात्र मला फक्त कॅप्टनबाईचे हात दिसले. ते एक दांडी ओढत होते, एक ढकलत होते.

"डोकी खाली. पट्टे आवळा. समोर उतरवते," ती म्हणाली. बस थांब्यावर थांबवते, अशा आवाजात.

इंजिन बंद पडल्यावर विमानात जी शांतता पसरते तिच्यासाठी माझ्याकडे शब्द नाही आणि तशी शांतता मी आजवर कुठल्याही सभेत मिळवू शकलेलो नाही. सेठने शालीत तोंड खुपसलं. मला आतून "अव्वा, अव्वा" एवढंच ऐकू येत होतं. मी काय म्हणालो ते कॅप्टनबाईने नंतर सांगितलं. मी म्हणालो होतो, "आभारप्रदर्शन राहिलं."

धुकं फाटलं आणि हातभर खाली हिरवंगार काहीतरी दिसलं. मग ते हिरवंगार काहीतरी विमानाला झोडपायला लागलं. सर्र, सर्र, तड, तड, तड. तूर डिसेंबरात पुरुषभर उंच असते आणि चिवट असते. हजार खराटे एकाच वेळी पोटाखालून फिरावेत असा तो आवाज होता. मग चाकं काळ्या मातीत बसली. पावसाने भिजलेली आमची काळी माती एकदा पायाला धरली की सोडत नाही. तिने विमानही धरलं. नाक खाली टेकलं, पंखा वाकला, आम्ही अर्धवट गरकन फिरलो, आणि उजवा पंख एका बोरीच्या झाडाला टेकून विमान उभं राहिलं. झाडावरून पाच-सहा बोरं टपावर पडली. टप, टप.

"सगळे आहेत?" कॅप्टनबाईने विचारलं.

आम्ही होतो. सेठच्या कपाळाला खोक पडली होती, माझा गुडघा दुखत होता, तिचं मनगट सुजलं होतं. तिने आम्हाला भराभर बाहेर काढलं, लांब नेलं, आणि आग लागत नाही अशी खात्री झाल्यावर फोनवर ज्याला कळवायचं त्याला कळवलं. तेवढ्यात धुक्यातून आरडाओरडा करत एक म्हातारबाबा आले. डोक्याला पटका, हातात पितळी तांब्या.

"अरे काय करलालाव, काय करलालाव! तूर हिरवी हाय की अजून! कुणी सांगितलं आज हार्वेस्टर घालायला?"

हार्वेस्टर म्हणजे पीक कापायचं यंत्र. आमच्याकडे हंगामात ती परराज्यांतून येतात, आणि ड्रायव्हरला नवखं रान सापडलं नाही की कुणाच्याही शेतात शिरतात. धुक्यात एवढा आवाज करत तुरीत काय घुसतं? हार्वेस्टर. त्यांच्या हिशोबात दुसरं काही बसतच नव्हतं.

"बाबा, हार्वेस्टर नाही," मी म्हणालो.

ते चार पावलं पुढे आले. विमानाकडे पाहिलं. मागे गेले. पुन्हा पाहिलं.

"याला तं पंख हायेत."

"हाव."

"मंग तुम्ही कुठून आलाव?"

मी बोट वर केलं.

बाबांनी वर पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, सेठच्या कपाळावरच्या रक्ताकडे पाहिलं. मग पटका सारखा केला, तांब्या पुढे धरला आणि म्हणाले, "असू द्या, येळवशीला आलाव. पाय धुवा. ताटं मांडलीच हायेत."

तुरीचं काय, असं कॅप्टनबाईने ओशाळून विचारलं. "तूर पुढल्या साली बी येईल बाई, तू बस," असं म्हणून त्यांच्या सुनेने तिच्या मनगटाला ओला फडका बांधला. माणसं येईपर्यंत विमान सोडून हलता येणार नाही, असं कॅप्टनबाई सांगत होती, तर सुनेने ताटच विमानापाशी आणून ठेवलं. कॅप्टनबाई बिचारी कोकणातली, तिने भज्जीकडे पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "काका, हे आमटी समजून खायचं की भाजी समजून?" मी म्हटलं, "प्रसाद समजून खा आणि दुसऱ्यांदा माग."

सेठ मात्र उभाच. "बाबा, मला माफ करा. माझ्या रानात अव्वा उपाशी बसलीय. आमच्या पांडवांआधी मला खाता येत न्हाई."

"एक घास."

"न्हाई हो."

"येळवशीला माझ्या रानातून उपाशी जाणार? वरून येऊन?" बाबांचा आवाज आता खरोखर दुखावला होता.

तेव्हा मी पुढे झालो. मैत्रीसाठी माणसाने काय काय केलं आहे ते आपण ऐकतो. मी सेठच्या वाटचं जेवलो. आधी माझं ताट, मग त्याचं. भज्जी, उंडे, खीर, वर दोन पेले आंबील. बाबांनी समाधानाने मान डोलावली. सेठने माझ्याकडे अशा कृतज्ञतेने पाहिलं की मी आणखी एक उंडा घेतला.

इथून सेठचं रान आडव्या वाटेने तासाभराचं होतं. रस्त्याने गाडी मिळाली असती, पण रस्त्यापर्यंतच्या पांदणीत, म्हणजे शेतवाटेत, गुडघाभर चिखल, फटफटीचं चाक फिरत नव्हतं. सेठच्या भावाला फोन लावला, अर्थातच कुणी उचलला नाही. तो मोबाईल कुठल्या टोपल्याखाली असणार ते आम्हाला माहीत होतं. कॅप्टनबाईने सेठचे डोळे तपासले, चक्कर येते का विचारलं, वाटेत डॉक्टर गाठायचंच असं बजावलं आणि आम्हाला सोडलं. सेठने शाल खांद्यावर टाकली आणि निघाला. मी मागे, दोघांचं जेवण एकाच पोटात घेऊन.

काळ्या मातीत चालणं म्हणजे प्रत्येक पावलाला थोडं थोडं रान सोबत घेऊन चालणं. बुटांचं जातं झालं. धुक्यात चार हातांपलीकडचं दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. एकीकडून बांगड्या, एकीकडून "ओलगे ओलगे सालम पोलगे" म्हणत कोपीभोवती आंबील शिंपडणारी पोरं, एकीकडून कुणाचा तरी हसण्याचा गडगडाट. आणि जिकडून जाऊ तिकडून हाक, "ओ पाव्हणं! कुठं निघालाव? जेवून जावा!"

दुसऱ्या रानात आम्हाला डॉक्टर सापडला. म्हणजे लातुरातला चांगला नावाजलेला डॉक्टर, पण त्या दिवशी झब्बा घालून, हातात ऊस घेऊन बांधावर बसलेला. त्याची गाडी पांदणीत रुतली होती आणि दोन बैल तिला बाहेर काढत होते. त्याने गाडीतली पेटी मागवली, सेठची खोक धुतली, पट्टी लावली, डोळ्यांत उजेड टाकून पाहिला, बोटं मोजायला लावली.

"तीन," सेठ म्हणाला. "मी जाऊ?"

"घाव वरवरचा आहे. उलटी झाली किंवा डोकं दुखलं तर लगेच यायचं," डॉक्टर म्हणाला. "आणि आता भज्जी घ्यायची."

"डॉक्टर, मला न्हाई चालत."

"माझ्या रानात आलेल्याला मी उपाशी सोडत नाही. फी समजा."

सेठने माझ्याकडे पाहिलं. मी पट्टा एका भोकाने सैल केला. तिथेही दोन ताटं झाली. डॉक्टर माझं पोट दाबून म्हणाला, "तुम्हालाच तपासायला पाहिजे खरं तर." तेवढ्यावर सुटलो असतो, पण त्याच्या आईने तिळाच्या पोळ्या आणल्या.

तिथून निघालो तेव्हा धुकं जरा विरळ झालं होतं, सूर्य खोबऱ्याच्या वाटीसारखा दिसत होता, आणि मी बदकासारखा चालत होतो.  एवढं झालं तरी सेठ पडलेल्या विमानाबद्दल एक शब्द बोलला नव्हता. फक्त घड्याळ बघत होता.

"अव्वाला साखर हाय," एकदाच म्हणाला. "सकाळपासून चहा बी पिली नसंल."

तिसरं रान ओढ्याच्या अलीकडे. तिथे आठ-दहा जण कोपीपुढे बसले होते आणि एक जाडजूड मिशांचा गृहस्थ ऐटीत काहीतरी सांगत होता. आम्हाला पाहताच त्याने बसायला घोंगडी सरकवली.

"ऐकलं का पाव्हणं? इमान पडलं!"

"हो का?" मी म्हणालो. मोह आवरत नाही मला.

"मोठ्ठं होतं. आमच्या मेव्हण्याला फोन आला. आत मंत्री होता म्हणं."

"मंत्री? कोणता?"

"नाव दाबून ठेवलंय. आणि आपला तो डाळमिलवाला सेठ. ओढ्यापलीकडं रान हाय बघा त्याचं. तो बी होता. गेला बिचारा. आणि त्याच्यासंगट एक जाड्या."

"जाड्या बी गेला?"

"त्याचं तं काही सापडलंच न्हाई."

मला हसू फुटणार होतं. मी वळून सेठकडे पाहिलं आणि हसू तिथेच राहिलं.

"सेठच्या घरी कळलं का?" सेठने विचारलं. आवाज त्याचा नव्हताच.

"आमचे दाजी गेलेत की सांगायला. त्यांच्या रानात कुणी फोनच उचलून न्हाई राहिलं. म्हणलं, अशी बातमी माणसानं जाऊन सांगावी."

सेठ मटकन खाली बसला. आणि मग तीन तास थांबलेलं ते सगळं आलं.  तो उठायला बघत होता आणि पाय ऐकत नव्हते. मिशीवाले गृहस्थ गोंधळले. कोण आहे हा, ते त्यांना अजूनही कळलं नव्हतं.

कोपीपाशी बसलेली एक म्हातारी उठली. तिने काही विचारलं नाही. तू कोण, कुठला, काय झालं, काही नाही. मडक्यात पेला बुडवला, सेठजवळ येऊन बसली, एका हाताने त्याचं डोकं मागे धरलं आणि दुसऱ्या हाताने पेला तोंडाला लावला. तापातल्या लेकराला लावतात तसा. "पी रे बाळा. थंड हाय. पी."

आणि सेठ प्याला. गटगट, डोळे मिटून, अख्खा पेला.

मी पाहिलं. त्याला कळलंच नाही की आपण काय केलं. मी काही बोललो नाही. माझ्या आयुष्यात मी बोलायचं सोडून गप्प बसलो असे प्रसंग दोनच. दुसरा माझ्या लग्नातला आहे.

त्याच्या गालांवर रंग आला. तो उठला, म्हातारीच्या पायांना हात लावला आणि पळत सुटला. पंचावन्न वर्षांचा, कपाळाला पट्टी बांधलेला, शाल उडवत, ओढ्याच्या पाण्यातून. मी मागून मिशीवाल्यांना ओरडून सांगितलं, "तोच सेठ! आणि जाड्या मी!" त्यांचा चेहरा बघायला थांबता आलं नाही, ही त्या दिवसाची एकमेव हळहळ.

ओढा चढून वर आलो आणि धुकं पार निघून गेलं. सगळं शिवार लख्ख. हरभऱ्यावर दव, ज्वारीवर ऊन, आणि दूर सेठची कोपी. कोपीपुढे पन्नासभर माणसं उभी, बायका पदर तोंडाला लावून रडत होत्या, सेठचा धाकटा भाऊ बांधावर डोकं धरून बसला होता. टोपलं उताणं पडलं होतं आणि सगळे मोबाईल एकदम वाजत होते. ते दाजी हात जोडून उभे होते, बातमी सांगून झाल्यावर माणसाला काय करावं सुचत नाही तसे.

मधोमध अव्वा. बाजेवर ताठ बसलेली. समोर पाच पांडव, चुन्याने पांढरेशुभ्र, त्यांच्यावर शाल नव्हती. नैवेद्याचं ताट झाकलेलं. शेजारी रिकामा पाट.

नंतर सेठच्या भावाने सांगितलं, की दाजींनी बातमी सांगितल्यावर सगळ्यांनी हंबरडा फोडला, पण अव्वाने डोळ्याला पदर लावला नाही. तिने एवढंच म्हटलं, "पूजा मांडलेली हाय. त्यो येतो म्हणलाय." आणि तो रिकामा पाट हाताने पुसून सरळ केला.

सेठ ज्वारीतून बाहेर आला तेव्हा पहिली किंकाळी दाजींनी फोडली. मग गलका झाला. लोक धावले, भावाने मिठी मारली, बायका रडता-रडता हसायला लागल्या, कुणीतरी माझ्याही गळ्यात पडलं आणि माझ्या पोटाचा अंदाज येऊन मागे सरलं. मी घसा साफ केला. दोन शब्द बोलावेत असा तो क्षणच होता. पण अव्वा उठायला लागली होती.

ती कुणाचा हात न धरता उठली. सेठ तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला, म्हणजे दोघं बरोबरीच्या उंचीचे झाले. तिने त्याचे खांदे चाचपले. दंड चाचपले. बोटं एकेक करून दाबली. पट्टीवरून हलकेच हात फिरवला. डाळमिलमध्ये पोत्यात हात घालून माल पाहतात, तसं ती आपल्या मुलाला पाहत होती, आणि मला दिसलं की आत्ता कुठे तिचे डोळे भरले आहेत. सेठ रडत होता, हसत होता, "अव्वा, आलो ना, काही झालं तरी येतो म्हणलो होतो ना," असं काहीबाही बोलत होता. तिने दोन्ही हातांनी त्याचा चेहरा धरला. अंगठ्यांनी गालांवरचं पाणी पुसलं.

आणि तिचा उजवा अंगठा त्याच्या मिशीवर येऊन थांबला.

मिशीच्या टोकाला पांढरं काहीतरी वाळलं होतं. अव्वाने ते नखाने खरवडलं. नाकाशी नेलं. वास घेतला.  सेठने माझ्याकडे पाहिलं, आणि मी त्या दिवशी पहिल्यांदाच नजर चुकवून आभाळाकडे बघू लागलो.

आणि अव्वा, सगळ्या शिवाराला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, माईकशिवाय, ओरडली, "इमान पडलं तं पडलं, मुडद्या, पण आपल्या पांडवांआधी कुणाच्या रानात आंबील पिऊन आलास?"